मॅक्स बेअर : पोत्यावर घडलेला हात



फ्रीमाँटला मुलांकडे राहायला येणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना आजूबाजूच्या दोन गावांची नावं लवकर पाठ होतात. एक उत्तरेकडचं हेवर्ड, आणि दुसरं नाइल्स कॅन्यनच्या वळणावळणाच्या रस्त्याने डोंगरापलीकडे गेलं की लागणारं लिव्हरमोर. लिव्हरमोर म्हटलं की हल्ली द्राक्षांचे मळे आठवतात. पण याच दोन गावांत वाढलेला एक खाटकाचा मुलगा पुढे सर्वांत वजनदार गटाचा जगज्जेता बॉक्सर झाला, आणि ज्या साली हिटलर जर्मनीत सत्तेवर आला त्याच साली तो आपल्या चड्डीवर मागेन दाविद शिवून एका जर्मन बॉक्सरसमोर उभा राहिला. त्याचं नाव मॅक्स बेअर. आज नव्या पिढीला ते ठाऊक नाही, पण आपल्या आजोबांच्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ते ऐकून माहीत असे.

मॅक्सचा जन्म ११ फेब्रुवारी १९०९ रोजी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात झाला. वडील जेकब बेअर ज्यू घराण्यातले, धंदा मांसाचा. आई डोरा ज्यू नव्हती. घरात धर्माचे नियम पाळले जात नसत. पुढे कुटुंब कोलोराडोतल्या ड्युरँगो गावी होतं. तिथली थंडी थोरल्या मुलीला आणि रक्तदाबाने त्रासलेल्या जेकबला सोसेना, म्हणून १९२२ साली सगळं बिऱ्हाड मोटारीत घालून त्यांनी कॅलिफोर्निया गाठलं. हेवर्डला असताना मॅक्सने पहिली नोकरी केली ती एका किराणा दुकानात, घरोघर सामान पोचवणाऱ्या पोऱ्याची. सॅन लिअँड्रो आणि गॉल्ट असं फिरत फिरत १९२६ साली ते लिव्हरमोरला आले. तेव्हा ते गाव गुराख्यांचं होतं. चहूकडे टेकड्या आणि त्यांवर चरणारी हजारो गुरं. १९२८ साली जेकबने ट्विन ओक्स नावाचा मळा भाडेपट्ट्याने घेतला आणि तिथे दोन हजारांवर डुकरं पाळली! आपल्या आज्यांनी हे ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. पण गोष्ट खरी आहे, आणि ती लपवून या माणसाची कहाणी नीट सांगता यायची नाही.

मॅक्सचे खांदे घडले ते या बापाच्या धंद्यात. कापलेल्या जनावरांची जड धडं खांद्यावर घेऊन वाहायची, आकड्याला टांगायची, पुन्हा उतरवायची. खडी काढायच्या खाणीतही त्याने काम केलं. आपल्या ठोशातला जोर या कामांतून आला असं तो पुढे नेहमी सांगत असे. ते पटण्यासारखं आहे. जड धड नुसत्या हाताने उचलत नाहीत. पाय रोवावे लागतात, कंबर वळवावी लागते, मग पाठ आणि खांदा, आणि हाताचं काम सगळ्यात शेवटी. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांच्या अंगातही अशीच ताकद असे. घाण्याचं काम करणाऱ्या माणसाला कोणी व्यायाम शिकवायला लागत नसे.

बॉक्सरच्या सरावातलं जड पोतं, ज्याला सगळे हेवी बॅग म्हणतात, तेही याच तत्त्वावर चालतं. नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये ज्यांनी बॉक्सिंग पाहिलं असेल त्यांच्या डोळ्यांसमोर ते लगेच येईल. कातड्याची किंवा किंतानाची लांबोळकी पिशवी, आत दाबून भरलेल्या चिंध्या, कधी वाळू किंवा भुसा, आणि वरून साखळीने छताला टांगलेली. वजन साधारण तीस ते पंचेचाळीस किलो. नुसती वाळू भरली तर ती हळूहळू तळाशी बसते आणि खालचा भाग दगडासारखा होतो. त्यावर बेसावध ठोसा बसला तर मनगट गेलंच म्हणून समजा. म्हणून हाताला आधी कापडी पट्टी गुंडाळतात, बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती, मनगटापर्यंत, आणि मग ग्लोव्ह्ज चढवतात. मनगट सरळ ठेवायचं आणि मुठीचे पुढचे दोन सांधे आधी लागले पाहिजेत.

ठोसा सुरू होतो पायातून. उजव्या हाताचा ठोसा असेल तर मागच्या पायाची टाच उचलते आणि वळते, त्याबरोबर कंबर, मग खांदा, आणि शेवटी मूठ. ठोसा लागला की हात लगेच हनुवटीपाशी परत आला पाहिजे. नवशिका माणूस पोत्याला ढकलतो, मग पोतं झोपाळ्यासारखं लांब झुलतं आणि पोराला वाटतं की आपण फार मोठं काम केलं. जाणता माणूस मारतो तेव्हा पोतं फार हलत नाही, जागच्या जागी दचकतं आणि दबका आवाज येतो. उस्तादाचे कान तो आवाज ओळखतात. पोतं झुलून परत येईल त्या क्षणाला पाऊल टाकून मारायचं, बाजूला सरकायचं, पुन्हा मारायचं. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पुन्हा तीन मिनिटं. पहिल्या फेरीनंतर तरण्या पोराचेही हात शिशाचे होतात.

पण या पोत्याची एक खोड आहे. ते उलट मारत नाही. त्यामुळे डावा हात खाली राहिला तरी कोणी शिक्षा करत नाही. उजवा हात लांब मागे नेऊन, गोल फिरवून मारला तरी पोतं वाट बघत उभंच असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोतं कधी पुरे म्हणत नाही. हात कसा मारावा हे ते शिकवतं, कुठे थांबावं ते शिकवत नाही. मॅक्स बेअरच्या आयुष्यातलं मोठं यश आणि मोठं दुःख, दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

लिव्हरमोर सोडून तो ओकलंडला आला आणि डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. तिथल्या मालकाचा मुलगा हॅमिल्टन लॉरिमर याने त्याला बॉक्सिंगच्या धंद्यात उतरवलं आणि तोच त्याचा पहिला मॅनेजर झाला. पहिली लढत मे १९२९ मध्ये स्टॉकटनला झाली आणि दुसऱ्या फेरीत समोरचा आडवा झाला. त्यानंतर एकामागून एक विजय. उंची सहा फूट दोन इंचांहून थोडी जास्त, रुंद खांदे, कुरळे केस, हसरा चेहरा. लोकांना तो आवडू लागला. त्याच्या उजव्या हाताची दहशत साऱ्या किनाऱ्यावर पसरली. तो हात अजून गोल फिरूनच येत होता, पण समोर आलेल्यांपैकी बहुतेकांना ते कळेपर्यंत उशीर झालेला असे.

२५ ऑगस्ट १९३० च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या रिक्रिएशन पार्कमध्ये त्याची लढत फ्रँकी कँपबेलशी झाली. कँपबेलचं खरं नाव फ्रान्सिस्को कामिली, इटालियन घरातला, सॅन फ्रान्सिस्कोचाच मुलगा. त्याचा भाऊ पुढे बेसबॉलचा नामांकित खेळाडू झाला. दुसऱ्या फेरीत मॅक्स घसरून खाली बसला. आपण त्याला पाडलं असं समजून कँपबेलने पाठ फिरवली आणि लोकांकडे बघून हात हलवला. मॅक्स उठला, धावत गेला आणि त्याच्या डोक्याच्या बाजूला उजव्या हाताचा पूर्ण ताकदीचा ठोसा मारला. फेरी संपल्यावर डोक्यात काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय, अशी तक्रार कँपबेलने आपल्या माणसांपाशी केली. तरी तो लढत राहिला. पाचव्या फेरीत मॅक्सने त्याला दोरांवर गाठलं आणि तो मारतच सुटला. कँपबेल केव्हाच बेशुद्ध झाला असावा, पण पाठीमागच्या दोरांमुळे तो उभा राहिला होता. पडायलाच जागा नव्हती. पंचानेही लढत वेळेवर थांबवली नाही. तो शेवटी कोसळला तेव्हा रुग्णवाहिका यायलाही बराच वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी कँपबेल वारला. मेंदू आपल्या जागेवरून सुटला होता असं डॉक्टरांना आढळलं. मागे बायको आणि तान्हं मूल. मॅक्स इस्पितळात जाऊन आला होता, तिच्यासमोर उभा राहिला होता. वय अवघं एकवीस. त्याच्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. पुढे तो सुटला, पण राज्याच्या बॉक्सिंग मंडळाने त्याला एक वर्ष कॅलिफोर्नियात लढायला बंदी घातली. पुढच्या लढतींच्या कमाईतला पैसा त्याने कँपबेलच्या कुटुंबाला दिला. कोर्टाने सोडलं तरी मनाने सोडलं नाही. वडिलांना त्या रात्रीची भयानक स्वप्नं कितीतरी वर्षं पडत होती असं त्याच्या मुलाने पुढे सांगितलं. आपल्याकडे किप्पूरला आपण देवाकडे क्षमा मागतो, पण माणसाचं केलेलं नुकसान आधी त्या माणसाशीच मिटवावं लागतं हेही आपल्याला शिकवलेलं असतं. आणि तो माणूसच हयात नसेल तर? मॅक्स बेअरने हा हिशेब आयुष्यभर बाळगला.

त्यानंतरच्या सहा लढतींपैकी चार तो हरला. ठोसा मारताना हात आखडू लागला. समोरचा गडबडला की हा मागे सरके. शिवाय आता गाठ पडत होती ती न्यूयॉर्कच्या कसलेल्या लोकांशी. फेब्रुवारी १९३१ मध्ये टॉमी लॉगरन नावाच्या चतुर बॉक्सरने त्याला अक्षरशः नाचवलं. मॅक्सचा उजवा हात मागे गेला की लॉगरनला पुढचं सगळं दिसत होतं आणि तो शांतपणे बाजूला होत होता. पोत्याची सवय माणसासमोर अशी उघडी पडली.

माजी जगज्जेता जॅक डेम्प्सीला मात्र या पोरात जीव दिसला. हात आखूड ठेव, गोल फिरवू नकोस, सरळ रेषेत मार, हा डेम्प्सीचा धडा. ठोशाचं बळ दंडात नसतं, सगळ्या अंगाचं वजन पुढे झुकवून ते मुठीपर्यंत पोचवण्यात असतं, यावर त्याचा विश्वास होता आणि १९५० साली लिहिलेल्या आपल्या पुस्तकातही त्याने हेच मांडलं. म्हणजे लिव्हरमोरला धडं उचलताना अंगाला जे कळलं होतं तेच, पण आता मोजून मापून. पोतं तेच होतं, त्याच्याकडे बघायची रीत बदलली. मारण्याआधी हात मागे न्यायचा नाही, मारून झाल्यावर तो हवेत ठेवायचा नाही, पोत्याच्या जागी डोळे उघडे असलेला माणूस उभा आहे असं धरून चालायचं. मॅक्स काही सरावाचा भोक्ता नव्हता, त्याला रात्रीची मौज जास्त प्रिय. तरी एवढं त्याच्या अंगी उतरलं.

मग आला ८ जून १९३३ चा दिवस. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम हजारो प्रेक्षकांनी भरलेलं. समोर जर्मनीचा माजी जगज्जेता मॅक्स श्मेलिंग. जानेवारीत हिटलर चॅन्सलर झाला होता, एप्रिलमध्ये जर्मनीत ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला होता. मॅक्स बेअर रिंगमध्ये आला तेव्हा त्याच्या चड्डीवर मागेन दाविद होता. श्मेलिंगचं पारडं जड मानलं जात होतं. मधल्या काही फेऱ्यांत तो वरचढही ठरला, आणि मॅक्सला आडदांडपणाबद्दल पंचाची ताकीद मिळाली. दहाव्या फेरीत मात्र उजवा हात बरोबर लागला. श्मेलिंग पडला, उठला, आणि पुढचे ठोसे झेलायची ताकद त्याच्यात राहिली नाही. या वेळी पंच आर्थर डोनोव्हन मध्ये पडला आणि त्याने लढत थांबवली. माणूस जिवंत घरी गेला. कँपबेलच्या रात्री नेमकं हेच घडलं नव्हतं.

श्मेलिंगविषयीही न्यायाने बोललं पाहिजे. त्याचा मॅनेजर जो जेकब्स ज्यू होता आणि नाझींच्या दबावाला न जुमानता त्याने त्याला सोडलं नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा श्मेलिंगने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचवलं. पण त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये ही गोष्ट घडायची होती. लोकांना दिसला तो हिटलरच्या देशाचा बॉक्सर आणि त्याला हरवणारा तारा. मॅक्सने त्याच वर्षी एका चित्रपटात काम केलं, तर त्या चित्रपटावर जर्मनीत बंदी आली.

तो तारा मॅक्सने पुढे कायम ठेवला. काही जण म्हणत, ही तिकिटं विकायची युक्ती आहे. आई ज्यू नाही, घरात डुकरं पाळली, हा कसला ज्यू? हलाखाप्रमाणे पाहिलं तर त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. पण तुम्ही कोण, तुमची आजी कोण, पणजी कोण, असे प्रश्न विचारले जाणं काय असतं हे आपल्या बेने इस्राएल समाजाला वेगळं सांगायला नको. इस्राएलमध्ये लग्न लावताना आपल्या मुलांच्या वंशाची चौकशी होऊ लागली, त्याविरुद्ध आपली माणसं यरुशलेममध्ये ठाण मांडून बसली, आणि १९६४ साली तो वाद मिटला. आपला प्रश्न वेगळा होता, आपण दोन हजार वर्षं शब्बाथ आणि शेमा सांभाळून होतो. तरीही, १९३३ साली जेव्हा तो तारा अंगावर घेण्यात काही फायदा नव्हता, तेव्हा ज्याला तो सहज टाळता आला असता त्याने तो आपण होऊन शिवून घेतला, एवढं आपण मोठ्या मनाने मान्य करू या.

एका वर्षाने, १४ जून १९३४ रोजी, त्याने इटलीच्या प्रिमो कार्नेराला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. कार्नेरा म्हणजे राक्षसच, वजनाने मॅक्सपेक्षा पन्नास पौंडांहून जास्त. अकरा फेऱ्यांत तो अकरा वेळा खाली गेला असं म्हणतात. शेवटी पंचाने लढत थांबवली. आणि तिथेच मॅक्सचा जुना दोष पुन्हा डोकं वर काढू लागला. सराव नकोसा, पार्ट्या हव्याशा. १३ जून १९३५ रोजी त्याची लढत जेम्स ब्रॅडॉकशी झाली. मंदीत काम गेल्यामुळे सरकारी मदतीवर दिवस काढलेला हा गोदी कामगार जिंकेल असं कोणालाच वाटत नव्हतं. मॅक्स रिंगमध्ये विनोद करत राहिला आणि ब्रॅडॉक पंधरा फेऱ्या शांतपणे आपला डावा हात त्याच्या तोंडावर मारत राहिला. वर्ष भरायला एक दिवस कमी असताना पद गेलं. सप्टेंबरमध्ये जो लुईने त्याला चौथ्या फेरीत बाद केलं. १९४१ पर्यंत तो लढला. पन्नासहून जास्त लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या. महायुद्धात तो आणि धाकटा भाऊ बडी, तोही मोठा बॉक्सर, अमेरिकेच्या हवाई सेनेत जवानांना व्यायाम शिकवत होते.

मॅक्सला सराव आवडत नसे हे खरं, पण त्याच्या हसण्याखिदळण्यामागे आणखी काही होतं असं त्याला जवळून ओळखणारे सांगत. समोरचा माणूस लटपटला की त्याला पुढचा ठोसा मारवत नसे, म्हणून तो थट्टा करून वेळ काढी. २००५ साली ब्रॅडॉकवर निघालेल्या एका इंग्रजी चित्रपटात मॅक्सला माणसं मारल्याचा गर्व करणारा दुष्ट दाखवला आहे. त्याच्या मुलाला याचं फार वाईट वाटलं, आणि ते रास्तच होतं.

२१ नोव्हेंबर १९५९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात सकाळी त्याच्या छातीत दुखू लागलं. त्याने फोन करून डॉक्टर मागवला. हॉटेलचा डॉक्टर पाठवतो असं उत्तर आलं, तेव्हा हॉटेलसाठी नको, माणसासाठी पाठवा, अशी त्याने चेष्टा केली, असं सांगतात. डॉक्टर आले, पण तो वाचला नाही. वय पन्नास. बायको मेरी कॅथलिक होती, तोही कॅथलिक रीतीने सॅक्रामेंटोच्या दफनभूमीत विसावला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत डेम्प्सी होता, आणि त्याला हरवणारा जो लुईही होता.

लिव्हरमोरला आज त्याच्या नावाची बाग आहे. फ्रीमाँटमध्ये आपली कितीतरी नातवंडं जिममध्ये जाऊन ही बॅग मारतात, घामाने निथळून घरी येतात. त्यांना जरूर मारू द्यावं, अंगाला फार चांगलं असतं. फक्त हाताला पट्टी बांधलीस का, डावा हात वर ठेवतोस का, एवढं विचारावं. आणि जेवणाच्या ताटावर बसलं असताना ही कँपबेलची आणि बेअरची गोष्टही एकदा सांगावी. पोरं ऐकतात.